निळा पोपट आणि सुखाचा शेवट

कलावंतानें वस्तुस्थितीशीं किती इमान राखावें, हा वाद मराठी वाचकांस नवा नाहीं. 'कलेसाठीं कला' आणि 'जीवनासाठीं कला' या दोन्ही पक्षांनीं त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. मुलांकरितां काढलेल्या एका चित्रपटाच्या निमित्तानें तो पुन्हां उकरून काढणें कोणास अस्थानीं वाटेल. परंतु २०११ सालीं निघालेल्या 'रिओ' या कार्लोस सालदान्हा-दिग्दर्शित अमेरिकन चित्रपटाचा नायक असलेला पक्षी काल्पनिक नाहीं. आणि चित्रपट निघाला त्यापूर्वींच तो रानांतून नाहींसा झाला होता. त्यामुळें येथें प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाहीं.

कथानक थोडक्यांत असें. ब्राझीलच्या अरण्यांतून चोरट्यांनीं नेलेलें निळ्या मकॉ जातीच्या पोपटाचें एक पिलूं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत मालमोटारींतून खालीं पडतें व लिंडा नांवाच्या मुलीस सांपडतें. ती त्याचें नांव ब्लू ठेवते व त्यास मायेनें वाढवते. पण त्यास उडतां मात्र येत नाहीं. पुढें टुलिओ नांवाचा पक्षिशास्त्रज्ञ येऊन सांगतो कीं, ब्लू हा या जातीचा अखेरचा नर असून अखेरची मादी ज्युएल रिओ शहरीं आहे. तेथें त्या दोघांस चोर पळवितात व एका सांखळीनें जखडतात. अनेक संकटांनंतर, विमानांतून पडणाऱ्या ज्युएलच्या मागोमाग उडी घेतल्यावर ब्लूच्या पंखांत बळ येतें. शेवटीं अभयारण्य, सुखी जोडपें आणि तीन पिलें.

या कृतीचे गुण मोकळ्या मनानें मान्य केले पाहिजेत. दिग्दर्शकाचा जन्म रिओचा. त्यामुळें तेथील डोंगर, समुद्र, सांबा आणि कार्निव्हल यांच्या चित्रणांत जिव्हाळा आहे. एका सांखळीनें बांधलेल्या दोन जीवांपैकीं एकास पिंजरा हवासा व दुसऱ्यास तो नकोसा, ही कल्पना तर नाट्यपूर्ण आहे. पक्षी चोरणारा अनाथ मुलगा फर्नांडो हाही खलपुरुष म्हणून रंगविलेला नाहीं. दारिद्र्य माणसास चोरी कसें करावयास लावतें, हें श्री. सालदान्हा यांनीं समंजसपणें दाखविलें आहे.

तथापि क्षेमेंद्रानें ज्यास काव्याचा प्राण मानलें, त्या औचित्याची कसोटी लावतांच चित्रपट डळमळूं लागतो. यांत निळा पोपट रिओलगतच्या हिरव्यागार, पावसाळी अरण्यांत नाचतांना दिसतो. खरा पक्षी तेथला नव्हे. ज्याच्या नांवानें तो ओळखला जातो त्या स्पिक्स या बव्हेरियन निसर्गशास्त्रज्ञास तो १८१९ सालीं बाहिया प्रांतांत, साओ फ्रान्सिस्को नदीकांठच्या जुआझेरोजवळ मिळाला. तो प्रदेश 'कातिंगा' या कोरड्या कांटेरी रानाचा आहे. तेथील ओढे पावसाळ्यापुरतेच वाहतात. त्यांच्या कांठीं कराइबेरा नांवाच्या उंच वृक्षांच्या रांगा असत, आणि त्यांच्या ढोलींत हा पक्षी घरटें करी. माणसानें ते वृक्ष तोडले, नवीं रोपें शेळ्यांनीं खाल्लीं, आणि उरलेल्या पक्ष्यांवर पिंजरेवाल्यांची नजर गेली. म्हणून ही चूक केवळ भूगोलाची नाहीं. अथांग अरण्यांतून पक्षी नाहींसा होतो तेव्हां दोष एकट्या चोराचा दिसतो. मोजक्या झाडांवर जगणारा पक्षी नाहींसा होतो तेव्हां कुऱ्हाड आणि शेळी हींही आरोपी ठरतात. स्थळ बदललें आणि निम्मे आरोपी सुटले!

खरी हकीकत या कथेहून कितीतरी अधिक करुण आहे. १९८८ पर्यंत माहीत असलेले अखेरचे पक्षीही पकडून नेण्यांत आले. १९९० मध्यें कुरासा गांवाजवळ एकच नर आढळला. स्वजातीची सोबत नसल्यानें त्यानें दुसऱ्या जातीच्या हिरव्या मकॉ मादीशीं जोडी जमविली होती. १९९५ सालीं पिंजऱ्यांतील एक मादी त्याच्यासाठीं रानांत सोडली. कांहीं आठवड्यांनीं ती विजेच्या तारेवर आदळून गेली. तो नर २००० सालानंतर कोणास दिसला नाहीं. एवढें नाट्य हातीं असतां विमानांतील झटापटीची गरज कां पडावी?

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. चित्रपटांतील चोर कुरूप आहे, त्याचा काकाकुवा क्रूर आहे. पण चोरी कोणासाठीं चालली आहे, तो गिऱ्हाईक कोठेंच समोर येत नाहीं. वास्तविक या पक्ष्याचें रान रिकामें करण्यास हौशी धनिकांची दुर्मिळतेची आवडही कारण झाली. आणि वंशाचें बीज उरलें तेंही मुख्यतः खाजगी पिंजऱ्यांतच. प्रेमानेंच घात केला आणि प्रेमानेंच राखलें, हा केवढा विरोधाभास! प्रेमळ लिंडा त्याच सांखळीच्या दुसऱ्या टोकास उभी आहे. 'हें पिलूं माझ्या दारीं आलें कसें?' असा प्रश्न तिला एकदां जरी पडता, तरी तिच्या मायेस खोली आली असती. म्हणजे येथें सत्य टाळल्यानें नीतीइतकीच कलेचीही हानि झाली आहे. आणि आरंभीच्या वादांतील दोन्ही पक्षांनीं या निकालावर एकत्र सही करण्यास हरकत नसावी.

२०१४ मधील 'रिओ २' नें तर कहरच केला. त्यांत ॲमेझॉनच्या अरण्यांत निळ्या पोपटांचा आख्खा थवाच लपलेला निघतो. गमावलेलें सारें कोठेंतरी सुरक्षित असतें, असें मुलांस सांगणें हें सांत्वन नव्हे, फसवणूक आहे. प्रत्यक्षांत २०२२ च्या जूनमध्यें कुरासाजवळ पिंजऱ्यांत वाढविलेले आठ पक्षी सोडण्यांत आले, डिसेंबरांत आणखी कांहीं. आणि २०२५ मध्यें विषाणुरोगाचा प्रादुर्भाव आढळल्यानें मोकळे पक्षी पुन्हां पकडावे लागले. खरा सुखाचा शेवट इतका महाग आहे.

आपल्याकडेही राघूचा पिंजरा हें बरींच वर्षें घराचें भूषण होतें. देशी पोपट पकडण्यास व विकण्यास कायद्यानें बंदी असूनही ती हौस पुरती सरलेली नाहीं. म्हणून हा चित्रपट मुलांस अवश्य दाखवावा; तो मनोरंजक आहे. मात्र तो संपल्यावर एक प्रश्न त्यांना जरूर विचारावा: ब्लूला पकडण्यासाठीं पैसे कोणीं दिले? दिग्दर्शकानें न दिलेलें उत्तर मुलें बहुधा आपणहून देतील.