यकृतातील हिवतापाचा जनुकनकाशा : एक परीक्षण

परोपजीवी जंतू कोणत्या अवयवात वाढतो, हे विचारून आपण बहुधा थांबतो. त्या अवयवात नेमका कोठे, हा प्रश्न मागे राहतो. संपूर्ण अवयव वाटून त्यातील आरएनए मोजला, तर स्थानाची खूणच पुसली जाते. 2022 साली ‘नेचर’ नियतकालिकात अफ्रियात व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला हिवतापाच्या यकृतावस्थेचा जनुकनकाशा ही उणीव भरून काढू पाहतो. म्हणून त्याचे परीक्षण अगत्याचे ठरते.

यकृत हा एकजिनसी अवयव नव्हे. त्याच्या प्रत्येक खंडिकेत रक्त परिघाकडून मध्यशिरेकडे वाहते. वाटेत प्राणवायू घटत जातो आणि त्यानुसार पेशींची कामेही बदलतात. उंदरांना प्लास्मोडियम बर्घाईची लागण करून संशोधकांनी एकेका पेशीतील आरएनए वाचला आणि ऊतकाच्या छेदांत आरएनएचे रेणू प्रत्यक्ष टिपले. मध्यशिरेजवळ जंतूची वाढ अधिक वेगाने होते, असे त्यांनी दाखविले. येथपर्यंतचे कार्य निःसंशय मोलाचे आहे.

मतभेदास जागा आहे ती पुढील निष्कर्षात. विशेषतः परिघाकडील काही पेशींत लागण अर्ध्यावरच खुंटते आणि प्रतिकारक पेशींना पाचारण करणारी जनुके तेथे चेततात. यकृताच्या स्वसंरक्षणाचा शोध लागला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु अशा पेशी मुख्यत्वे जंतूंची मात्रा मोठी असतानाच दिसतात, हे लेखकांनीच नमूद केले आहे. डासाच्या दंशातून त्वचेत उतरणारे स्पोरोझोइट मोजके असतात आणि त्यांतीलही थोडेच यकृतापर्यंत पोहोचतात. शिवाय कोणतीही पेशी एकदाच वाचता येते. तेव्हा पेशी चेतली म्हणून जंतू मेला, की जंतू मेला म्हणून पेशी चेतली, हे केवळ नकाशावरून ठरत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मनुष्याच्या यकृतात प्लास्मोडियम व्हायव्हॅक्सचे सुप्त जंतू दडून राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी ज्वर पुन्हा उलटतो. बर्घाईला ही सुप्तावस्थाच नाही. उंदराच्या यकृतावरून मनुष्याच्या यकृतातील प्रतिकाराविषयी अनुमान काढावयाचे, तर हे अंतर डोळ्यांआड करून चालणार नाही.

डासदंशाइतक्या अल्प मात्रेतही ह्या पेशी आढळतात काय, हे प्रथम तपासले पाहिजे. तोपर्यंत अभ्यासकांनी त्यांना ‘लागण खुंटलेल्या पेशी’ एवढेच म्हणावे. ‘संरक्षक पेशी’ म्हणू नये.