रंगमंचावरचा फोन : 'ऑफलाइन' म्हणजे नक्की काय?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर एखादी मैफल. अ‍ॅपची समीक्षा कोणी करत नाही. चार-पाच तारे द्यायचे आणि मोकळं व्हायचं. पण आज गायकाच्या मागे तंबोरा धरायला विद्यार्थी नसला तर तिथे फोन असतो. भजनी मंडळात वहीच्या जागी टॅब आलाय. ऑर्केस्ट्रातली गायिका गाण्याचे शब्द पडद्यावर बघते. म्हणजे अ‍ॅप आता वाद्याच्या आणि वहीच्या जागी बसलं आहे. तर मग त्याला त्यांचेच निकष लावले पाहिजेत, एवढंच मला आज सांगायचं आहे.

वाद्य परवानगी मागत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा उतरतील, जवारी बिघडेल, पण 'आधी लॉग-इन करा' असं तो म्हणणार नाही. नंतर आलेली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटीही तशीच : बटण दाबलं की सूर सुरू. तिचा आवाज यांत्रिक म्हणून आपण नाकं मुरडली, ते गैर नव्हतं. अ‍ॅपनं ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित नमुने आले, पट्टी बारीक बारीक सरकवता येऊ लागली. आवाज सुधारला, पण भरवसा मात्र पेटीइतका राहिला नाही.

असं का झालं? मला वाटतं, याचं मूळ 'ऑफलाइन चालते' या जाहिरातीतल्या दोन शब्दांत आहे. त्यांचे निदान तीन अर्थ होतात. एक, आवाजाच्या फाइली फोनमध्ये आहेत. दोन, फाइली आहेत, पण तुम्ही वर्गणी भरली आहे की नाही हे अ‍ॅप अधूनमधून सर्व्हरला विचारतं. तीन, फाइली तात्पुरत्या साठ्यात आहेत, आणि जागा कमी पडली तर फोन स्वतःच त्या पुसू शकतो. तिन्ही प्रकारांवर शिक्का एकच : ऑफलाइन!

उदाहरणं घेऊ. स्पॉटिफायवर उतरवून घेतलेली गाणी टिकवायची तर ३० दिवसांतून निदान एकदा नेटवर यावं लागतं. त्यांचा हा जाहीर नियम आहे, आणि ती सेवा घरी ऐकणाऱ्यासाठीच असल्यामुळे तो तिथे खपून जातो. पण तीच पद्धत तंबोऱ्याच्या किंवा तबल्याच्या अ‍ॅपनं उचलली तर? दुसरं उदाहरण ब्राउझरचं. २०२० पासून सफारीनं असं ठरवलं की सात दिवसांच्या वापरात तुम्ही एखाद्या संकेतस्थळाला हात लावला नाही, तर त्यानं साठवलेला मजकूर पुसून टाकायचा. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातदारांना आवर घालण्यासाठी हे केलं, हेतू चांगलाच. पण ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या गीतसंग्रहाचाही यात बळी जाऊ शकतो. पंधरा दिवसांनी कार्यक्रम असलेल्या गायकाला हे सांगणार कोण?

आणि गंमत बघा, हा दोष तालमीत दिसतच नाही. घरी वायफाय असतं. नेट जातं ते नेमकं जत्रेत, वारीत, मैदानावरच्या महोत्सवात. हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात. प्रेक्षागृहाच्या जाड भिंतींआड निराळीच तऱ्हा. तिथे नेटवर्कची एक काडी दिसते, पण पुढे काही सरकत नाही. नेट अजिबात नसणं परवडलं, कारण अ‍ॅपला ते लगेच कळतं. अर्धवट नेट असलं की अ‍ॅप वाट बघत बसतं. गायकानं षड्ज लावलेला असतो आणि पडद्यावर चक्र फिरत असतं.

आवाजाच्या बाबतीत वाट बघायला वेळच नसतो. सेकंदाला ४८,००० नमुने वाजवायचे आणि एका वेळी २५६ हातात घ्यायचे, तर पुढचा घास साधारण पाच मिलिसेकंदांत तयार हवा. नाही झाला, तर टक् असा आवाज येतो किंवा सूर तुटतो. म्हणून वाजवण्याच्या वाटेवर नेटचा संबंधच नको. हे चांगल्या प्रोग्रॅमरला पक्कं ठाऊक असतं. वर्गणी तपासणारा भाग पुष्कळदा दुसऱ्यानं लिहिलेला असतो, आणि गडबड तिथे होते.

आता दुसरी बाजू. ही अ‍ॅप्स बनवणारे कित्येकदा एकटेदुकटे असतात. चोरीच्या प्रती फिरल्या तर त्यांनी खायचं काय? तपासणी करूच नका, असं मी म्हणत नाही. नेट असेल तेव्हा करा, आणि नसेल तेव्हा वाजू द्या. शंकेचा फायदा कलाकाराला द्या. चार दिवस कुणी फुकट वाजवलं तर जे नुकसान होईल, त्यापेक्षा भर मैफलीत गप्प झालेल्या तंबोऱ्याचं नुकसान मोठं आहे, कारण ते भरून देता येत नाही.

२०१९ मध्ये इंक अँड स्विच या संशोधन गटानं 'लोकल-फर्स्ट' नावाचा विचार मांडला : मूळ प्रत तुमच्या उपकरणावर, सर्व्हर फक्त मदतीला. संगीताच्या अ‍ॅपना हा विचार चपखल बसतो. दुपारच्या तालमीत एका टॅबवर पट्टी बदलून लिहिली आणि संध्याकाळी दुसऱ्यावर जुनीच निघाली, असं होऊ शकतं. ते टाळता आलं नाही तरी निदान 'ही प्रत अमुक वाजताची आहे' असं पडद्यावर दिसायला हवं.

कार्यक्रमाआधी आपण तंबोरा मिळवतो, तेव्हा त्याची अवस्था आपल्या कानांना कळते. अ‍ॅप आपली अवस्था लपवतं, ही माझी मुख्य तक्रार आहे. ग्रीनरूममध्ये एका नजरेत दिसावं : फाइली पूर्ण आहेत, परवाना अमुक तारखेपर्यंत आहे, नेट लागणार नाही. तोवर कलाकारांनी एक परीक्षा स्वतःच घ्यावी. आदल्या दिवशी विमान मोड लावा, वायफायही बंद असल्याची खात्री करा, फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि अ‍ॅप उघडा. वाजलं तर ते ऑफलाइन. नाही वाजलं, तर बनवणाऱ्याला तसं स्पष्ट कळवा. ताऱ्यांपेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.