ऋण फेडणे आणि ऋण सोडणे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील क्षमाविचाराचा मागोवा घेऊ लागल्यास आरंभ महाराष्ट्रात नव्हे, काशीत करावा लागतो. पंडित नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) हे काशीत वाढलेले मराठी ब्राह्मण. ऐन विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले, आणि १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी ज्या परंपरेची बाजू राखली होती तिच्याच दर्शनांचे खंडन केले. पापक्षालनासाठी सारा देश जेथे येतो, त्या नगरीतील पंडिताला पापमुक्तीच्या प्रश्नाने स्वस्थ बसू दिले नाही, यात नवल नाही.

कर्मसिद्धान्ताचा आधार असा की, केलेले भोगूनच सरते. ऋण फेडावेच लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेतही अपराधाला ऋणच म्हटले आहे. परंतु तेथे ते फेडले जात नाही, सोडले जाते. त्यातही एक मेख आहे. आपले ऋण सोडावे अशी याचना करणाऱ्याने आपल्या ऋणकोंचे ऋण सोडलेले असले पाहिजे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असेही तेच शुभवर्तमान सांगते. म्हणजे क्षमेचा प्रश्न शास्त्रार्थाच्या सभेत मांडता येतो, पण सुटतो तो घराच्या उंबऱ्याच्या आत. १८५३ साली काशीत गोऱ्यांना कन्या झाली आणि लवकरच त्यांची पत्नी निवर्तली. पतीच्या धर्मांतराने त्या घरात कोणी कोणाला काय सोसावयास लावले आणि कोणी काय पोटात घातले, हे ‘षड्दर्शनदर्पणा’त शोधण्यात अर्थ नाही. दर्शनग्रंथाचा तो विषयच नव्हे.

तो विषय मराठीत आला ‘स्मृतिचित्रे’च्या रूपाने. गोरे ज्या वर्षी वारले त्याच १८९५ साली, फेब्रुवारीत, नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सुमारे चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक १९१९ साली वारले आणि १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग निघाले. या ग्रंथाच्या विनोदाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. तो विनोद क्षमेची रीत आहे, इकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. सासऱ्यांचा जाच, टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाणे, घरात चणचण असता हातचे दुसऱ्याला देऊन टाकणे, यांतले काहीही लक्ष्मीबाई झाकून ठेवीत नाहीत. तसेच स्वतःचा हट्ट, अज्ञान, फजिती यांनाही त्या सूट देत नाहीत. दोघांचे हिशेब एकाच वहीत मांडलेले आहेत.

येथे आक्षेप संभवतो. ज्या स्त्रीला दुसरा मार्गच नव्हता, तिच्या निभावून नेण्याला क्षमा का म्हणावे? हसून साजरे केले म्हणून अन्याय ओसरतो काय? आक्षेप पोकळ नाही. नवऱ्याचे घर हाच ज्या काळी स्त्रीचा आसरा होता, त्या काळातील सलोख्यात निरुपायाचा अंश असणारच. परंतु निरुपायाने गप्प बसणारे माणूस अपराधाची नोंद ठेवीत नाही. ते विसरल्याचे सोंग करते. लक्ष्मीबाई विसरत नाहीत. किती येणे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते सोडता येते. ताटातुटीच्या वर्षांतील त्यांचा आकांत ग्रंथात जसाच्या तसा राहिला आहे. पुढच्या सुखाने त्यावर पांघरूण घातलेले नाही. वर, टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे पुरे केले, हे लक्षात घेतले म्हणजे ही क्षमा केवळ शब्दांची नव्हती हे पटते.

या क्षमेला मर्यादाही आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली तेव्हा टिळक हयात नव्हते. क्षमा देणारीची बाजू येथे सविस्तर आहे. क्षमा मागणाऱ्याची बाजू आपल्याला तिच्याच तोंडून ऐकावी लागते. तथापि ख्रिस्ती आचारात क्षमा हा एका दिवसाचा विधी नसून रोजच्या भाकरीबरोबर मागावयाची आणि द्यावयाची वस्तू आहे, हे मराठीत कोणत्याही प्रवचनापेक्षा या ग्रंथाने अधिक स्पष्ट केले. प्रार्थनेतही भाकरीच्या मागणीला लागूनच ऋणाची मागणी येते. काशीच्या पंडिताने ज्या प्रश्नासाठी सहा दर्शने धुंडाळली, त्याचे उत्तर नगरकडच्या एका संसारात, चुलीपाशी, बेताच्या शिक्षणाच्या बाईने दिले. आणि ते उत्तर आहे हे तिने कोठेही बोलून दाखविले नाही.