डोक्यात मावणारं सामान

ज्याचं घर, जमीन, जनावरं एकदा सगळं हिसकावलं गेलं, तो पुढे मुलांसाठी काय जमवतो? 'शिक्षण, कारण ते कुणी काढून घेऊ शकत नाही', हे उत्तर आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासून बघावं असंही वाटत नाही. ज्यूंबद्दल ते सांगितलं जातं, फाळणीत आलेल्यांबद्दलही. साशा बेकर आणि त्यांच्या चार सहलेखकांनी ते तपासलं. २०२० साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला त्यांचा शोधनिबंध या विषयावरचा मला सगळ्यात देखणा वाटलेला निबंध. म्हणूनच तो जपून वाचायला हवा.

विस्थापनाचा परिणाम मोजायचा तर तुलना कुणाशी करायची, ही मूळ अडचण. पळून जाणारे बऱ्याचदा मागे राहणाऱ्यांहून वेगळे असतात. नव्या जागी भाषा वेगळी, धर्म वेगळा. मग फरक उखडलं गेल्यामुळे पडला की या वेगळेपणामुळे, हे सुटं करता येत नाही. पोलंडमध्ये ते करता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाची हद्दच पश्चिमेला सरकली. पूर्वेचा 'क्रेसी' हा पट्टा सोव्हिएत संघाकडे गेला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. तिथल्या लाखो पोलिश लोकांना उचलून मुख्यतः पश्चिमेच्या नव्याने मिळालेल्या मुलखात वसवलं गेलं. भाषा तीच, धर्म तोच. बदललं ते घर.

जुन्या जनगणना आणि नवी सर्वेक्षणं जोडून लेखक दाखवतात, की युद्धाआधी हे लोक इतर पोलिश लोकांपेक्षा जास्त शिकलेले नव्हते. आज मात्र त्यांचे वंशज सरासरी एक वर्ष जास्त शिकलेले आहेत. इतर शक्य कारणं एकेक करून बाजूला काढत लेखक शेवटी मूल्यांपाशी येतात: या घरांत वस्तूंची ओढ कमी आणि मुलांनी शिकावं ही आस जास्त. लोकांनी आजीकडून ऐकलेली गोष्ट आकड्यांतही सापडते, हे वाचताना अंगावर काटा येतो.

पण हा प्रयोग इतका स्वच्छ कशामुळे झाला? पश्चिमेचा मुलूख रिकामा होता, कारण तिथल्या जर्मनांना हाकलून दिलं होतं. म्हणजे एका विस्थापनाचा निर्मळ पुरावा दुसऱ्या विस्थापनावर उभा आहे. यजमान समाज तिथे जवळपास नव्हताच. निर्वासितांमुळे स्थानिकांची मजुरी, भाडं, दवाखान्यातली रांग यांचं काय होतं, या एरवीच्या भांडणाला इथे फारशी जागाच नाही. त्यामुळे हा निष्कर्ष उचलून दुसऱ्या देशावर चिकटवता येत नाही.

दुसरा मुद्दा सरासरीचा. सर्व्हरच्या लॉगमध्ये पोचलेल्याच रिक्वेस्ट दिसतात. वाटेत हरवलेल्यांची नोंद नसते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्यातले अनेक याच क्रेसीतले: सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात धाडलं होतं, तिथून ते इराणमार्गे इथवर आले. छावणीत शाळा होत्या. पुढे बरेच जण ब्रिटनला आणि इतर देशांत गेले. पोलंडमध्ये घेतलेल्या सर्वेक्षणात त्यांची नातवंडं येत नाहीत. सायबेरियात मेलेल्या मुलांना तर नातवंडंच नाहीत. 'एक वर्ष जास्त' ही सरासरी, जे तगले आणि पोलंडमध्ये रुजले त्यांच्या वंशजांची आहे. यात लेखकांची लबाडी नाही. आकड्याची हद्द आहे. ती वाचकाने विसरू नये.

वळिवड्याची गोष्ट तिथे संपत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि तिथे गांधीनगर उभं राहिलं. आज ते कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखलं जातं. व्यापाराची अक्कल, उधारीवरचा विश्वास, माल कुठून आणायचा याची माहिती हेही डोक्यात मावणारं सामानच. पण ते शाळेच्या वर्षांत मोजलं जात नाही. शिक्षण हेच एकमेव असं धन, असं निबंध म्हणत नाही. आपण मात्र तसं वाचतो, कारण मोजलेलं तेवढंच असतं.

सगळ्यात मोठा धोका निबंधाबाहेर आहे. 'विस्थापन झालं तरी पुढची पिढी शिकते' हे वाक्य चुकीच्या हातात 'म्हणजे फार वाईट झालं नाही' असं होतं. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. आईबापांना शिक्षणाची आस तिथेही असणारच. पण बांगलादेशच्या शाळांत त्या मुलांना प्रवेश नाही आणि मोठ्यांना उघडपणे काम करायची परवानगी नाही. क्रेसीतल्या माणसाला नव्या गावात नागरिकत्व होतं, त्याच्याच भाषेतली शाळा होती, पुढे नोकरीची वाट होती. ओढ विस्थापनाने दिली असेल. शाळा विस्थापनाने दिली नाही.

म्हणून हा निबंध वाचावाच, पण त्याचं सार असं धरावं: माणूस सगळं गमावल्यावर मुलांच्या डोक्यात काहीतरी भरून ठेवू पाहतो. ते भरता येतं की नाही, हे तो ज्या दारात उभा आहे त्या दारावर ठरतं. त्या दाराचा अभ्यास या निबंधात नाही. कॉक्स बाजारच्या मुलांना आज गरज त्याचीच आहे.