जीसीसी ११ मधील सहायक फायलींची नावे : एक चिकित्सा

कंपायलरचा ‘-ओ’ हा पर्याय तुम्ही पहिल्याच प्रात्यक्षिकात वापरला असेल. त्याच्यापुढे जे नाव लिहाल, त्या नावाची फाईल तयार होते. पण मुख्य फायलीबरोबर कंपायलर काही सहायक फायलीही लिहितो. उदाहरणार्थ, कव्हरेज मोजताना ‘.जीसीएनओ’ फाईल तयार होते. तिचे नाव कशावरून ठरावे? जीसीसीने २०२१ साली आलेल्या ११व्या आवृत्तीत या प्रश्नाचे उत्तर बदलले.

समजा, तुम्ही ‘जीसीसी --कव्हरेज बेरीज.सी -ओ हिशोब’ अशी आज्ञा दिली. १०व्या आवृत्तीत ‘बेरीज.जीसीएनओ’ मिळे, ११व्या आवृत्तीत ‘हिशोब-बेरीज.जीसीएनओ’ मिळते. नंतर ‘जीकोव्ह बेरीज.सी’ म्हटले की जीकोव्ह जुन्याच नावाची फाईल शोधतो आणि ती सापडत नाही. पूर्वी नीट चालणारे नव्या आवृत्तीत बिघडणे, यालाच आपण रिग्रेशन म्हणतो.

यावर सहज सुचणारा बचाव असा की सहायक नावे ही कंपायलरची अंतर्गत बाब आहे. हा बचाव मला मान्य नाही. ‘-ओ’ने दिलेले नाव अंतिम प्रोग्रॅमचे असेल तर सहायक नाव मूळ स्रोतफायलीवरून घेतले जाते, असे जुन्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेले होते. म्हणजे लोकांनी त्यावर विसंबणे गैर नव्हते.

तरीही जुना नियम सदोष होता, हेही तितकेच खरे. एकच ‘बेरीज.सी’ वेगवेगळे मॅक्रो देऊन दोन प्रोग्रॅमसाठी, एकाच फोल्डरमध्ये संकलित करून पाहा. दोन्ही वेळा ‘बेरीज.जीसीएनओ’ याच फायलीवर लेखन होते. मागून येणारा आधीचे पुसतो आणि कसलीही सूचना मिळत नाही. समांतर बिल्डमध्ये तर मागून कोण येईल याचाही नेम नाही. नव्या उपसर्गाने ही टक्कर टळते. चुकीचा अहवाल गुपचूप मिळण्यापेक्षा ‘फाईल सापडली नाही’ हा संदेश बरा, असे माझे मत आहे.

दुरुस्तीची जागाही योग्य निवडली आहे. तुम्ही चालवता तो ‘जीसीसी’ म्हणजे केवळ ड्रायव्हर. खरे संकलन ‘सीसी१’ करतो. पूर्वी ड्रायव्हर ‘-ऑक्सबेस’सारखे छुपे पर्याय पुढे पाठवत असे. ते आता काढून टाकले आहेत; नाव ‘-डंपडिर’ आणि ‘-डंपबेस’ या पर्यायांतून जुळवले जाते. ‘-###’ देऊन आज्ञा छापून घ्या, म्हणजे ड्रायव्हरने काय ठरवले ते डोळ्यांना दिसेल. सोबत ‘आउटपुट्स.एक्सप’ ही चाचणीही आली. पर्यायांच्या कोणत्या जोडणीतून कोणती नावे निघावीत, हे ती तपासते. अशी चाचणी आधीच असायला हवी होती.

माझा आक्षेप आहे तो ‘-डंपडिर’ या नावावर. नावावरून वाटते की येथे डिरेक्टरी द्यायची. प्रत्यक्षात तो नुसता उपसर्ग आहे. ‘फळ/’ लिहिले तर फायली ‘फळ’ फोल्डरमध्ये जातात. शेवटची तिरपी रेघ विसरलात तर ‘फळबेरीज’ अशा नावाच्या फायली चालू फोल्डरमध्येच पडतात, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

तुमच्या प्रयोगवहीतील जुनी आज्ञा अडली तर आधी ‘-सी’ने फक्त संकलन करा आणि जोडणी वेगळ्या आज्ञेने करा. तसे केल्यास ‘बेरीज.जीसीएनओ’ हेच नाव दोन्ही आवृत्त्यांत मिळते.