वाळवंटाचे पंचांग

अरबी वळणाच्या अद्भुत कादंबऱ्यांना गेल्या पंधरा-वीस वर्षांत चांगले दिवस आले आहेत. उडता गालिचा, दिवा आणि दुष्ट वजीर ही जुनी स्वस्त सामग्री मागे पडली. लेखक अभ्यास करू लागले. त्यांतले काही तर त्या परंपरेतलेच आहेत. पात्रांची नावे बरोबर असतात, ताटातले पदार्थ बरोबर असतात, जिन्नांच्या जाती-पोटजातीही नीट लावलेल्या असतात. तरी एक प्रश्न विचारून पाहावा: या जगात आज तारीख कोणती आणि बाहेर हवा कशी? बहुतेक पुस्तके इथे अडखळतात. एक तर बारमाही ऊन, नाहीतर नकाशा अरबस्तानचा आणि चार ऋतू इंग्लंडचे.

ही खोड जुनी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टींत रात्री मोजल्या जातात, ऋतू मोजले जात नाहीत. तोंडी सांगायच्या कथेला ते शोभते. त्या गोष्टी सांगणाऱ्या शहरजादला उद्याची पहाट गाठायची असते, पेरणी नव्हे. पण १७०४ पासून गालाँच्या फ्रेंच अनुवादातून त्या गोष्टी युरोपात गेल्या आणि त्यांच्यासोबत बिनऋतूंचा पूर्व देशही गेला. सी. एस. लुईसने १९५४ मध्ये रंगवलेले कॅलोर्मेन हे काल्पनिक राज्य त्याच पठडीतले आहे. टॉल्किनने हॉबिटांच्या पंचांगासाठी परिशिष्ट खर्ची घातले: तीस दिवसांचे बारा महिने, महिन्याबाहेरचे सणाचे दिवस, जमातीजमातींतले फरक. दक्षिणेकडच्या हरादला मात्र त्यात एकही ओळ मिळाली नाही. १९९२ मध्ये ‘अल-कादिम’ नावाने अरबी धर्तीचा खेळ आला. त्याचा झाखारा देश ज्या जगात बसवला, त्या जगाचे प्रचलित पंचांगही तीस दिवसांच्या बारा महिन्यांचे आणि पाच सणांचे. तीनशेसाठ अधिक पाच हे गणित कारागिराला फार सोयीचे पडते, म्हणूनच ते इतके पसरले असावे.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’ला (१९६५) या रांगेत ढकलणे अन्यायाचे होईल. वाळवंटाला स्वतःचे विज्ञान असते हे अद्भुत साहित्यात इतक्या गांभीर्याने त्याच्याआधी क्वचितच कोणी मांडले असेल. पाणी, वादळे, शतकांच्या हिशेबाने हिरवळ आणण्याची योजना, हे सगळे त्यात आहे. पण काळ तिथे साम्राज्याचा आहे, वाळवंटाचा नाही. वर्ष १०१९१ हा अंतराळवाहतूक करणाऱ्या गिल्डचा आकडा. कथेतल्या अराकिस या वाळवंटी ग्रहाच्या आकाशात दोन चंद्र आहेत, तरी त्या चंद्रांवर कोणाचे देणे थकले, लग्न अडले किंवा उपास मोडला असे वाचल्यावर लक्षात राहत नाही.

खऱ्या अरबस्तानात काय होते ते पाहिले की ही उणीव जास्त खटकते. तिथे कधीच एक पंचांग नव्हते. धर्म चंद्रावर चाले, चराई ताऱ्यांवर, सारा सूर्यावर आणि जहाजे वाऱ्यावर. ही चार गणिते एकमेकांशी जुळत नसत, आणि कथेचे बीज नेमके या न जुळण्यात आहे.

चंद्रापासून सुरुवात करू. चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा, बारा मासांचे ३५४ दिवस. सौरवर्षाच्या मानाने अकरा दिवस कमी पडतात. आपण ती तूट अधिक महिना घालून भरतो, म्हणून दिवाळी कधी वैशाखाच्या उन्हात येत नाही. इस्लामपूर्व अरबांकडेही ‘नसी’ नावाची अशीच काही सोय होती आणि परंपरा सांगते की ती जाहीर करण्याचा मान किनाना टोळीतल्या एका घराण्याकडे असे. आता यात दुसरी गोष्ट मिळवा: वर्षातले चार महिने पवित्र मानलेले, त्यांत लढाई वर्ज्य. म्हणजे महिना पुढे ढकलणाऱ्या माणसाच्या हातात युद्ध कधी कायदेशीर ठरते हेही आले! तलवार न उचलता लढाई घडवणारा किंवा टाळणारा असा पंचांगकर्ता कुठल्या कादंबरीचा खलनायक झाल्याचे मला आठवत नाही. ६३२ च्या सुमारास कुराणाच्या आज्ञेने नसी बंद झाली आणि तेव्हापासून महिने ऋतूंतून मोकळे फिरू लागले. सुमारे तेहतीस वर्षांत रमजान थंडी, पाऊस, ऊन सगळे पाहून पुन्हा जागेवर येतो. रबी या नावाचे दोन महिने मुळात वसंताचे. आज ते कुठेही येतात. महिन्याच्या नावाने हवामानाबद्दल उघड खोटे बोलावे आणि कोणालाही त्याचे काही वाटू नये, हे तपशील कल्पनेने सुचणे कठीण, इतिहासातून उचलणे सोपे.

शिवाय दिवस सूर्यास्ताला बदलतो. महिना २९ चा की ३० चा हे चंद्रकोर दिसल्याखेरीज ठरत नाही. एका गावात ढग, शेजारच्या गावात निरभ्र. एकाकडे ईद, दुसऱ्याकडे अजून रोजा. तहाची मुदत महिनाअखेरीला संपणार असेल तर ती आज संपली की उद्या, हे टेकडीवर उभ्या असलेल्या दोन साक्षीदारांवर ठरेल. छापील तारखांच्या सवयीमुळे आजचे लेखक ही अनिश्चितता सोडून देतात आणि पहिल्याच पानावर ‘अमुक महिन्याचा बारावा दिवस’ असे ठासून लिहितात.

चराईचा काळ ताऱ्यांचा. क्रांतिवृत्ताचे २८ मुक्काम, प्रत्येकी तेरा दिवस आणि एकाला चौदा, की ३६५ भरले. मृग कोरडा गेला, हत्तीचा पाऊस लागला, अशी भाषा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या शेतकऱ्याची पर्जन्यनक्षत्रे त्याच तेरा-चौदा दिवसांच्या मापाची आहेत. अरबस्तानच्या वाळवंटात ऑक्टोबरच्या मध्यापासून सुमारे बावन्न दिवस ‘वसम’चे. त्या पावसावर पुढचा चारा अवलंबून, आणि वाळूखाली वाढणारी फगा ही अळंबीही. उन्हाळ्यात विहिरींजवळ गोळा झालेल्या टोळ्या पाऊस पडला की रानोमाळ पांगत. म्हणजे भांडणे, सोयरिकी, कर्जवसुली उन्हाळ्यात. एकांत, शिकार, लुटीच्या स्वाऱ्या थंडीत. समाजाची घडी ऋतूनुसार अशी उलटते, तरी कादंबरीत मात्र टोळी वर्षभर एकाच तंबूत बसलेली.

या सगळ्याचा नायक सुहैल, म्हणजे आपला अगस्त्य. ऑगस्टच्या उत्तरार्धात तो पहाटे दक्षिण क्षितिजावर दिसला की उन्हाळ्याची कंबर मोडली असे समजतात. आखाती किनाऱ्यावर त्याच्या उदयापासून वर्ष मोजण्याची ‘दुरूर’ पद्धत आहे: दहा-दहा दिवसांचे गट, त्यांचे शंभर, शंभर, शंभर, मग साठ आणि उरलेले पाच. दहा दिवसांचा आठवडा कल्पनाविश्वे रचणाऱ्यांना फार आवडतो, पण तो त्यांच्याकडे गणिताची सोय म्हणून येतो. इथे त्याला मोतीबुड्याच्या आणि मच्छीमाराच्या पोटाचा आधार आहे. आणखी एक गंमत म्हणजे सुहैल दक्षिणेत आधी दिसतो, उत्तरेत उशिरा. ओमानचे आणि कुवेतचे नवे वर्ष एकाच पहाटे उगवत नाही.

ऋतूंची संख्याही एक नाही. येमेनच्या डोंगरांत पाऊस दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी. ओमानच्या धोफार भागात जून ते सप्टेंबर ‘खरीफ’: आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्याची कड लागते, डोंगर धुक्याने हिरवे होतात आणि थोडे आत गेले की पुन्हा रखरख. समुद्रावर याच वाऱ्याने दार बंद होते. अरब नाखवे नौरोजपासूनचे, म्हणजे इराणी नववर्षापासूनचे दिवस मोजत. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिदच्या लिखाणात कोणत्या दिवशी कुठून निघावे याचे नेमके हिशेब आहेत. दार चुकले की परदेशी बंदरात पुढच्या मोसमापर्यंत मुक्काम. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होतो तो याच वेळापत्रकाच्या पूर्वेच्या टोकाला. येमेनचा रसूली राजपुत्र अल-अश्रफ उमर याने १२७१ साठी रचलेल्या पंचांगात तारे, पिके, कर आणि एडनची जहाजे एकाच कोष्टकात येतात. अद्भुत जगाचा नमुना म्हणून त्याहून चांगले काही मी सुचवू शकत नाही.

पैशाकडे तर कोणी वळतच नाही. बगदादच्या खलिफांचा सारा इराणी सौरवर्षावर आकारला जाई. त्या वर्षात लीप दिवस नसल्याने नौरोज हळूहळू अलीकडे सरकला आणि पीक हिरवे असतानाच वसुलीचे शिपाई दारात येऊ लागले. ८९५ मध्ये खलिफा अल-मुतदिदने नववर्ष ११ जूनवर ढकलले. उस्मानी तुर्कांकडे महसूल सूर्याने येई, सैनिकांचा पगार चंद्राने जाई. बत्तीस सुगींच्या उत्पन्नात तेहतीस वर्षांचे पगार भागवायचे. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर सौदी सरकारने आपल्या नोकरांचे पगार चांद्र महिन्यांवरून ग्रेगोरियन महिन्यांवर नेले ते २०१६ मध्ये, खर्चकपातीच्या दिवसांत. सैन्याचे बंड ‘क्रूर सुलतान’ असे लिहून घडवण्यापेक्षा अकरा दिवसांच्या तुटीतून घडवणे कितीतरी खरे वाटेल.

आजच्या लेखकांपैकी दोघांची दखल घ्यायला हवी. गाय गॅव्ह्रिएल के याच्या ‘द लायन्स ऑफ अल-रसान’मध्ये (१९९५) आकाशाची वाटणी आहे: एका धर्माला सूर्य, एकाला तारे, एकाला दोन चंद्र. कल्पना देखणी. पण ती श्रद्धेची खूण म्हणून थांबते, हिशेबापर्यंत उतरत नाही. ज्या अंदलुसवरून त्याने हे जग घेतले तिथे ९६१ च्या सुमाराचे कोर्दोबाचे पंचांग ख्रिस्ती संतांचे दिवस, अरबी ताऱ्यांचे उदय आणि शेतीची कामे एकाच पानावर मांडते. तीन धर्म एका बाजारात कसे राहत हे तिथे जास्त कळते. एस. ए. चक्रवर्तीच्या दैवाबाद मालिकेतला नवसातेम हा शतकातून एकदा येणारा उत्सव मात्र मला कामाचा वाटतो. जिन्न शतके जगतात, तेव्हा त्यांचे सणही शतकाच्या मापाचे असणार. सुटकेची आठवण आणि राजकीय घातपात दोन्ही त्या एका तारखेवर येऊन आदळतात. तारखेने कथानक हलवले असे उदाहरण या प्रकारात विरळाच. तिच्या ‘अमीना अल-सिराफी’त (२०२३) कथा एडन-सोकोत्राच्या समुद्रावर गेल्यामुळे वाऱ्याला महत्त्व येणे अटळच होते.

एरवी चित्र असे की पंचांग परिशिष्टात आणि कथा दुसरीकडे. महिन्यांना गोड नावे दिली, चंद्राला निळा रंग दिला, की काम झाले असे समजले जाते. माझी कसोटी साधी आहे: पंचांग काढून टाकले तर कथेतली एक तरी घटना अशक्य होते का? होत नसेल तर ते परिशिष्टही छापू नये.

मराठीत कोणी अशी कादंबरी लिहायला घेतली तर त्याला फार लांब जावे लागणार नाही. पेशवाईच्या कागदांत वर्ष शुहूर सनाचे: आकडे अरबी शब्दांत, वर्षारंभ सूर्य मृगात शिरल्यावर, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. तारीख मात्र मोहरम, रजब, जिल्हेज अशा चांद्र महिन्यांची. वर्ष ३६५ दिवसांचे आणि महिने ३५४ च्या फेऱ्यात, त्यामुळे दर साली दहा-अकरा तारखा दोनदा येतात आणि पत्र जूनचे की पुढच्या मेचे यावर संशोधक भांडू शकतात. पानिपतचे साल त्या कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे येते, म्हणजे ११६१. आपले चालू साल काढायचे असेल तर मृगापूर्वी इसवी सनातून ६०० वजा करा, मृगानंतर ५९९.