कर्त्याचा प्रश्न : आरोग्यसंशोधनाच्या कथनाविषयी व चित्रणाविषयी काही विचार

आरोग्यविषयक संशोधनाचे निष्कर्ष सामान्य जनांपर्यंत न्यावयाचे तर ते गोष्टीच्या किंवा चित्राच्या रूपाने न्यावेत, हे मत आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा आणखी पुरस्कार करण्याचे कारण उरलेले नाही. भाषेच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. निष्कर्ष गोष्टीत शिरला म्हणजे त्याच्या व्याकरणाचे काय होते? संशोधनाचे विधान बहुधा अनेकांविषयी असते, त्याला 'जर' आणि 'इतक्यांपैकी इतके' अशा मर्यादा असतात, आणि त्यात कर्ता कोण याविषयी ते सावध असते. कथेला एक नाव, एक घर आणि काही तरी करणारा कोणी तरी लागतो. या दोन व्याकरणांची गाठ पडते तेथे काय घडते, हे गोंदिया जिल्हा व त्याचा शेजार यांतील काही उदाहरणांवरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले उदाहरण सिकलसेलचे. मध्य भारतात या रक्तदोषाचा आढळ असल्याचे शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्येच नोंदविले होते. पुढे राज्याचा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात पूर्व विदर्भातील इतर जिल्ह्यांबरोबर गोंदियाही आला. आणि जुलै २०२३ पासून राष्ट्रीय पातळीवरील निर्मूलन अभियान चालू झाले. म्हणजे जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव येथील माणसासमोर हा विषय भित्तिपत्रक, पुस्तिका, पथनाट्य अशा अनेक रूपांनी येतो. तो ज्या माणसासमोर येतो त्याची घरची बोली झाडी, पोवारी, गोंडी वा छत्तीसगढी असण्याचा संभव आहे आणि प्रमाण मराठी ही त्याची शाळेतील भाषा आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

या पत्रकांतील 'वाहक' हा शब्द पाहा. ज्याला दोष एकाच पालकाकडून मिळाला आहे आणि जो स्वतः सामान्यतः निरोगी असतो, त्याला हे नाव दिलेले असते. परंतु हिवताप हा या जिल्ह्याचा जुना सोबती असल्यामुळे त्याच भिंतीवर 'डास हा रोगाचा वाहक आहे' असेही वाचावयास मिळते. एकच शब्द रोग पसरविणाऱ्या कीटकाला आणि कोणालाही रोग न देणाऱ्या निरोगी माणसाला लावला गेला, तर वाचणारा त्या दोहोंत संबंध जोडणारच. (तिसरा वाहक एस. टी. बसमध्ये तिकिटे फाडतो. त्याचा उपद्रव नाही.) यातील विपर्यास असा की सिकलसेलचा 'वाहक' असणे हे तीव्र हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते, हे विज्ञानाने प्रस्थापित केलेले आहे. लोकांनी आपल्यापुरता या अडचणीतून मार्ग काढला आहे. ते 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असे म्हणतात. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना हा प्रयोग रुचणार नाही, पण त्यात दोषारोप नाही. आमच्या मते परिभाषा घडविणाऱ्यांनी त्यापासून शिकण्यासारखे आहे.

शब्दाहून चित्र अधिक बोलके असते असे मानले जाते. ते खरे असेल, परंतु जे बोलके असते ते चुकीचेही बोलू शकते. आनुवंशिकता समजाविणारे रूढ चित्र असे: वर आई व वडील, दोघेही अर्धे रंगविलेले, खाली चार मुले, त्यांतील एक पूर्ण रंगविलेले, दोन अर्धी, एक कोरे. संशोधनाचे विधान असे आहे की आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. या विधानाचा सारा भार 'प्रत्येक' या एका शब्दावर आहे, आणि चित्रातून नेमका तोच गळून पडतो. चित्र एका कुटुंबाचे दिसते. आईवडील आणि त्यांची चार लेकरे. ज्याचे पहिले मूल रुग्ण निघाले तो त्या चित्राकडे पाहून हिशेब करतो की आपला वाटा आता संपला, पुढची तीन सुखरूप. 'चारांत एक' हा मराठी प्रयोगही याच वाचनाला दुजोरा देतो, कारण मराठीत तो प्रथमतः वाटणीचा प्रयोग आहे, शक्यतेचा नंतर. ज्या हिशेबावर दुसऱ्या बाळंतपणाचा निर्णय अवलंबून असतो, तो अशा रीतीने चित्रानेच चुकविला, असे म्हणणे भाग पडते. व्हिएन्ना येथे १९२० नंतर ऑटो न्यूराथ याने सामाजिक आकडेवारीसाठी चित्रलिपी रचली, तेव्हा एका चिन्हाने नेमकी किती संख्या दर्शविली जाते हे ठरवून घेतल्यावाचून चित्र काढावयाचे नाही असा त्याचा दंडक होता. आपल्या या चित्रात एक आकृती म्हणजे एक मूल की एक शक्यता, हे कोणीच ठरवून घेतलेले नाही.

आता कथनाकडे वळू. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरू लागतात. रात्री दंडार होते, शंकरपटाच्या निमित्ताने नाटके लागतात, आणि प्रेक्षक उजाडेपर्यंत बसतो. असा प्रेक्षक आरोग्यखात्याच्या कोणत्याही सभेला मिळणार नाही, म्हणून प्रबोधनाचे विषय या रंगभूमीवर आणण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिच्या कौटुंबिक नाटकाचा साचा ठरलेला आहे. त्यात सोसणारी सून असते, छळणारे कोणी असते, आणि शेवटी अपराध कोणाचा हे उघड व्हावे लागते. सिकलसेलच्या संक्रमणात अपराधी कोणी नाही. दोष आई व बाप या दोघांकडून, दोघांच्याही नकळत येतो. मराठी भाषेला हे सांगणे मुळीच अवघड नाही. 'मला ताप आला', 'मूल दगावले', 'त्याला दुखणे झाले' अशा वाक्यांत आजार येतो, होतो. तो कोणी करीत नाही. येथे भाषेचे व्याकरण विज्ञानाला अनुकूल आहे आणि नाटकाचे व्याकरण प्रतिकूल. नाटकाला कर्ता हवा असतो, आणि तो शोधू लागले की बोट बहुधा बाहेरून घरात आलेल्या सुनेकडे वळते. या विषयावरील प्रयोगाचे परीक्षण करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की नाटककाराने दोष कोणाच्या पदरी टाकला.

याच्या नेमके उलट उदाहरण 'कोवळी पानगळ' या अहवालाचे आहे. डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांच्या बालमृत्यू अभ्यास गटाने तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील बालमृत्यूंची खरी संख्या शासकीय नोंदींहून फार मोठी आहे, हा त्याचा गाभा. धोरणविषयक अहवालाला इतके काव्यमय नाव मराठीत क्वचितच लाभले असेल, आणि त्या नावानेच तो वृत्तपत्रांतून घराघरांत गेला. तरीही या रूपकाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पानगळ हा निसर्गाचा क्रम आहे, तिला ऋतू असतो, तिचा कर्ता नसतो. परंतु क्रमाने गळते ते जून पान. कोवळे गळावे हे क्रमाविरुद्ध आहे. म्हणजे रूपकातील सारा आरोप त्या विशेषणात साठविलेला आहे. शिवाय गळलेली पाने कोणी मोजीत नाही, आणि न मोजलेले मृत्यू हेच तर अहवालाचे म्हणणे होते! इतके सर्व त्या दोन शब्दांत आहे, हे रचणाऱ्यांच्या भाषाशक्तीचे द्योतक होय. पण वापराने विशेषणे झिजतात. ते विशेषण झिजले की पानगळ तेवढी उरते: दरवर्षी येणारी, हळहळ वाटावयास लावणारी आणि कोणालाही जबाबदार न धरणारी. जेथे नोंद न करणारा, औषध न पोचविणारा असा कर्ता आहे तेथे रूपकाने त्याला पुसून टाकण्याचा धोका पत्करला. जेथे कर्ता नाही तेथे नाटक तो निर्माण करू पाहते.

या दोन्ही संकटांतून सुटलेले एक साधन शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेत तयार झाले. लहान बालकांतील न्यूमोनिया श्वासांच्या गतीवरून ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाले तर धोका समजावा, असा निकष आहे. गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजता येईलच असे नाही. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेले श्वासमापक तिच्या हाती देण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकला तर उपचार सुरू करावयाचे. याला कोणी चित्र म्हणणार नाही, कथा तर नाहीच. पण संशोधनाच्या विधानातील संख्या, 'जर'ची अट आणि कालमर्यादा ही तिन्ही येथे शाबूत आहेत, आणि सुईण स्वतः त्या वाक्याची कर्ता आहे.

सिकलसेलच्या त्या चार मुलांच्या चित्राऐवजी असेच काही करता येईल. धानाच्या या मुलखात दंडारीतल्या दोन सोंगांच्या मुठीत दोन दोन दाणे द्यावेत, एक काळा व एक पांढरा. प्रत्येक मुलासाठी प्रेक्षकांतील कोणी तरी उठून दोन्ही मुठींतून न पाहता एकेक दाणा उचलावा, सर्वांना दाखवावा, आणि पुढच्या मुलापूर्वी तो मुठीत परत ठेवावा. दोन्ही काळे लागोपाठ दोनदा निघाले तर सभेत जी कुजबुज होईल, तिच्यात 'प्रत्येक' या शब्दाचा अर्थ असेल.